पाच टक्के जागा

आम्ही तिघे एका धर्मादाय रुग्णालयाच्या संगणक विभागात काम करतो. शहर यंत्रमागांचे. विभाग म्हणजे एक्स-रे खोलीच्या मागची बारा बाय दहाची खोली, एक एसी, दोन सर्व्हर आणि तीन खुर्च्या. नातेवाइकांत कोणी विचारले की, ‘तुम्ही तिथे नेमके करता काय?’ तर उत्तर देणे अवघड जाते. प्रिंटर दुरुस्त करतो, पासवर्ड बदलून देतो, हे लोकांना समजते. पण आमचा सर्वांत जास्त वेळ ज्या कामात जातो ते सांगितले तर ऐकणारा हसतो. आम्ही जागा राखतो. सर्व्हरच्या डिस्कवरची जागा.

ही काय राखायची गोष्ट आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. घरातले कपाट भरले तर सामान माळ्यावर जाते, माळा भरला तर पलंगाखाली जाते. माणूस कुठे ना कुठे सोय लावतो. सर्व्हरला अशी सोय लावता येत नाही. डिस्क भरली की तो एकच वाक्य लिहितो, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’, आणि पुढचे प्रत्येक लिहिणे नाकारतो. नव्या पेशंटचा केसपेपर नंबर तयार होत नाही. रक्ताच्या तपासणीचे यंत्र निकाल पाठवते, तो निकाल घेतला जात नाही. काय बिघडले याची नोंद करायची तर त्या नोंदीलाही जागा नसते. गंमत म्हणजे वाचणे चालूच राहते. पडद्यावर कालचे रिपोर्ट व्यवस्थित दिसतात, त्यामुळे पहिली दहापंधरा मिनिटे कोणाला काही कळतही नाही. मग खिडकीसमोर रांग वाढते आणि आमचा फोन वाजतो.

हे फक्त आमच्यासारख्या लहान ठिकाणी घडते असे कोणी समजू नये. २०२३ साली २९ ऑगस्टला टोयोटा कंपनीचे जपानमधले १४ कारखाने बंद राहिले. सुट्या भागांच्या मागण्या नोंदवणाऱ्या सर्व्हरवर दोन दिवस आधी देखभालीचे काम झाले होते. डेटाबेसमध्ये साठलेली माहिती काढून टाकून नीट लावण्याचे काम चालू असताना डिस्कची जागा संपली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होता, पण तोही त्याच यंत्रणेचा भाग असल्याने त्यावर काम वळवता आले नाही. शेवटी जास्त जागेच्या सर्व्हरवर माहिती हलवली तेव्हा दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले. त्याच्याही आधीची गोष्ट २००४ च्या जानेवारीची. अमेरिकेच्या नासाने मंगळावर उतरवलेली ‘स्पिरिट’ ही गाडी अठराएक दिवस नीट चालली आणि २१ जानेवारीला गप्प झाली. तिच्या स्मृतीत फायलींची संख्या इतकी वाढली होती की त्यांची यादी हाताळण्यापुरती जागाही उरली नव्हती. गाडी बंद होऊन पुन्हा सुरू होई, यादी वाचायला जाई आणि पुन्हा कोसळे. पृथ्वीवरच्या मंडळींनी तिला ती साठवण न उघडता सुरू व्हायला सांगितले, नको त्या फायली काढल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला साठवण नव्याने आखून घेतली. मंगळावरच्या गाडीला जे चुकले नाही ते आमच्या रुग्णालयाला कसे चुकेल?

आता आमचा हिशेब सांगतो. एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनची चित्रे आम्ही ६ टीबीच्या डिस्कवर ठेवत होतो. सीटी स्कॅनमधले एक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट धरले तर एका चित्राचे अर्धा एमबी होतात. एका तपासणीत अशी तीनशे चित्रे निघाली की दीडशे एमबी झाले. सगळे मिळून आमच्याकडे रोज साधारण ६ जीबीची भर पडे. एके दिवशी पाहिले तेव्हा डिस्क ९१ टक्क्यांच्या पुढे गेलेली होती आणि ५१० जीबी शिल्लक होते. भागाकार सोपा आहे, ८५ दिवस.

आमच्या मते टक्क्यापेक्षा हा भागाकार महत्त्वाचा. ९५ टक्के भरलेली डिस्क महिन्याला एक जीबीने वाढत असेल तर निवांत झोपावे. ६० टक्के भरलेली डिस्क रात्रीतून दोनशे जीबीने वाढली असेल तर झोपू नये. बहुतेक ठिकाणी ८० टक्क्यांना पहिली आणि ९० टक्क्यांना दुसरी सूचना येईल अशी व्यवस्था असते. तिचा उपयोग आहेच, पण ‘किती भरले’ यापेक्षा ‘किती दिवस उरले’ हा आकडा वरिष्ठांना लवकर समजतो. आम्ही तसाच अर्ज लिहिला. नवी डिस्क हवी, ८५ दिवस उरले आहेत. उत्तर आले की तीन दरपत्रके मागवा, मग खरेदी समितीची बैठक होईल, मग विश्वस्तांची मंजुरी. या सगळ्याला सहाआठ महिने लागतात हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होते. म्हणजे ८५ दिवसांच्या शिध्यावर आठ महिने काढायचे होते.

याच काळात आमच्या हिशेबनिसांनी एक प्रश्न विचारला. ते आकड्यांचे पक्के. त्यांनी आमच्या कागदावर बोट ठेवले. एकूण ६००० जीबी, वापरलेले ५१९०, शिल्लक ५१०. ‘बेरीज ५७०० होते. ३०० जीबी गेले कुठे?’ आम्हाला त्यांचा प्रश्न फार आवडला. रोखवहीत एवढा फरक आला असता तर त्यांनी कोणालाच घरी जाऊ दिले नसते.

ते ३०० जीबी कुठे गेलेले नव्हते. लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिममध्ये डिस्क आखतानाच ५ टक्के जागा बाजूला काढलेली असते. ती फक्त ‘रूट’ला, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य खात्याला वापरता येते. साध्या प्रोग्रामच्या दृष्टीने डिस्क ९५ टक्क्यांनाच संपते. याची कारणे दोन. पहिले असे की डिस्क इतरांसाठी भरली तरी यंत्रणा सांभाळणाऱ्याला आत शिरून आवराआवर करता यावी. दुसरे कारण गतीचे. मोकळी जागा ऐसपैस असेल तर फाइलचे तुकडे शेजारीशेजारी ठेवता येतात, जागा संपत आली की ते मिळेल तिथे कोंबावे लागतात आणि डिस्कच्या सुईला धावपळ होते. १९८४ साली मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी युनिक्ससाठी जी वेगवान फाइल सिस्टिम मांडली, तिच्यावरच्या लेखात हे स्पष्ट नोंदवलेले आहे की डिस्क पूर्ण भरू दिली तर गती साधारण निम्म्यावर येते. म्हणून त्यांनी काही टक्के जागा कायम मोकळी राखायची पद्धत घातली.

आमच्या तिघांच्याही घरांत ही पद्धत युनिक्सच्या आधीपासून होती. अम्मी रोजच्या पिठातून एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. पाहुणे आले, पगार लांबला, गावात कर्फ्यू लागला, तर तो डबा उघडायचा. डबा घरातच असायचा, पण घरच्या मोजणीत तो धरलेला नसायचा. हिशेबनिसांना आम्ही हेच उदाहरण दिले. ते म्हणाले, ‘आमच्या घरीही होता.’

पण नियम कशासाठी आहे हे कळले की तो कुठे सैल करता येईल हेही कळते. चित्रांच्या डिस्कवर फक्त मोठ्या फायली होत्या, एकदा लिहून पुन्हा न बदलणाऱ्या. तिथून यंत्रणा सुरू होत नव्हती, तिथे रूटला काही लिहायचे नव्हते. म्हणून त्या डिस्कवरची राखीव जागा आम्ही ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणली. त्यासाठी ‘ट्यून-टू-एफएस’ नावाची कमांड आहे, सर्व्हर बंदही करावा लागत नाही. १८० जीबी, म्हणजे ३० दिवस मिळाले. ज्या डिस्कवरून सर्व्हर सुरू होतो तिथल्या ५ टक्क्यांना मात्र हात लावला नाही. तो पिठाचा डबा होता.

त्या आठ महिन्यांत जागा कशी हरवते आणि कशी सापडते याचे आम्हाला बरेच शिक्षण झाले. त्यातले काही इथे सांगावेसे वाटते, कारण हा अनुभव लिहून ठेवणारे आमच्या धंद्यात कमी आहेत.

डिस्कवरची जागा मोजायच्या दोन कमांडी आहेत. ‘डीएफ’ फाइल सिस्टिमच्या मुख्य खातेवहीतून आकडा सांगते. ‘डीयू’ एकेका फोल्डरमध्ये जाऊन फायली मोजत बेरीज करते. दोन्ही आकडे साधारण जुळावेत. जुळले नाहीत की समजावे, गोष्ट डोळ्यांआड आहे. एकदा २०० जीबीचा एक भाग ९९ टक्क्यांवर गेला. वेळ सकाळी अकराची, ओपीडी भरलेली. प्रयोगशाळेच्या प्रोग्रामची लॉग फाइल ७० जीबी झाली होती. त्या प्रोग्रामच्या कंपनीचा इंजिनिअर दुरून आत शिरला, त्याने ती फाइल उडवली आणि फोन ठेवला. फाइल यादीतून गेली, जागा मात्र एक जीबीनेही मोकळी झाली नाही.

आमच्या रुग्णालयात कागदी नोंदींची एक खोली अजून आहे. ती सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे चाचा म्हणतात. चाचांच्या रजिस्टरवरून ही गोष्ट चांगली समजते. एखादी फाइल त्यांनी रजिस्टरातून कमी केली, रेघ मारली. पण ती फाइल डॉक्टरांच्या टेबलावर अजून उघडी पडलेली आहे. रजिस्टर म्हणते फाइल नाही, टेबल म्हणते आहे. डॉक्टर ती मिटून परत देत नाहीत तोवर टेबलावरची जागा अडलेलीच. सर्व्हरवरही तसेच. फाइल पुसली की तिचे नाव जाते, पण एखाद्या चालू प्रोग्रामने ती उघडून धरली असेल तर तिची जागा तो सोडेपर्यंत परत मिळत नाही. प्रोग्राम रीस्टार्ट करणे हा सरळ उपाय, पण भर ओपीडीत तो केला तर तपासणीच्या यंत्रांचा संपर्क तुटतो. ‘एलएसओएफ’ कमांडीने नाव नसलेल्या पण उघड्या असलेल्या फायली दिसतात. ती फाइल कोणत्या प्रोसेसच्या हातात आहे ते पाहून, त्या प्रोसेसच्या वाटेनेच आम्ही तिची लांबी शून्य केली. ७० जीबी क्षणात परत आले, प्रोग्राम चालूच राहिला. तेव्हापासून चालू लॉग फाइल पुसायची नाही, रिकामी करायची, असा आमच्या खोलीत कागद लावलेला आहे. आणि लॉग रोज रात्री बदलून जुने ठरावीक दिवसांनी काढले जातील अशी ‘लॉगरोटेट’ची व्यवस्था त्याच आठवड्यात केली.

दुसरी गोष्ट विजेची. एका रात्री वीज गेली, जनरेटर उशिरा लागला, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाले. बॅकअपची वेगळी डिस्क मात्र त्या गडबडीत जोडली गेली नाही. तिच्या नावाचे रिकामे फोल्डर मुख्य डिस्कवर होते. रात्रीच्या बॅकअपने आपला माल त्या फोल्डरात उतरवला. सकाळी डिस्क पुन्हा जोडली गेली आणि खालचा माल तिच्याखाली झाकला गेला. सतरंजीवर गालिचा टाकावा तसा. डीएफ सांगे ११० जीबी वापरले, डीयू सांगे ४०. उघड्या फायली शोधल्या, त्या नव्हत्या. शेवटी मुख्य डिस्कच दुसऱ्या ठिकाणी पुन्हा जोडून पाहिली, म्हणजे वरचे आवरण दिसत नाही, आणि ७० जीबी तिथे व्यवस्थित पडलेले सापडले. आता आमचा बॅकअप आधी विचारतो की डिस्क खरोखर जोडलेली आहे का. नसेल तर काम न करता आम्हाला फोनवर संदेश पाठवतो.

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक. डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी आणि तरी तेच वाक्य, जागा नाही. प्रत्येक फाइलला डिस्कवर एक नोंद-कार्ड लागते, त्याला ‘इनोड’ म्हणतात. ईएक्सटी-४ मध्ये ही कार्डे डिस्क आखतानाच छापून होतात, सर्वसाधारणपणे दर १६ केबी जागेमागे एक. ५० जीबीच्या भागात सुमारे ३३ लाख. नंतर ती वाढवता येत नाहीत. प्रयोगशाळेचा प्रोग्राम प्रत्येक निरोपाची एक चिमुकली फाइल करून ठेवत होता आणि कधीच काढत नव्हता. जागा संपली नव्हती, कार्डे संपली होती. त्या लाखो फायली एका दमात पुसू म्हटले तर कमांडच नकार देते, इतकी मोठी यादी तिला पेलत नाही. आधी प्रत्येक निरोप डेटाबेसमध्ये उतरला आहे याची खात्री केली. मग ‘फाइंड’ कमांडीने रात्री, सर्वांत कमी प्राधान्य देऊन, हळूहळू पुसत राहिलो. सकाळ झाली. घाई केली असती तर रात्रपाळीच्या वॉर्डला एक रिपोर्ट उघडायला दोन मिनिटे लागली असती.

भरलेल्या डिस्कसमोर बसलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. मोठी फाइल दिसली की उडवावीशी वाटते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘पीजी एक्सलॉग’ नावाचे एक फोल्डर असे. नावात लॉग आहे, म्हणजे जुन्या नोंदींचा कचरा असणार, असे समजून जगभरच्या लोकांनी ते पुसले आणि डेटाबेस गमावले. त्यात खरे तर प्रत्येक बदलाची आधी केलेली नोंद असते, तीवरच डेटाबेस उभा असतो. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्या मंडळींनी फोल्डरचे नावच बदलून ‘पीजी वॉल’ केले. एका शब्दामुळे एवढे नुकसान होत असेल तर शब्द बदललेला बरा, हा त्यांचा विचार आम्हाला पटतो.

आवरण्यालाही जागा लागते, हेही ध्यानात ठेवावे लागते. फाइल दाबून लहान करायची तर आधी लहान फाइल पूर्ण लिहावी लागते, मगच मोठी काढता येते. डेटाबेसचे एखादे मोठे कोष्टक पूर्ण आवळायचे तर त्याची दुसरी प्रत मावेल एवढी जागा आधी हवी. टोयोटाचे काम आवरतानाच अडले ते असेच. चाचा त्यांच्या भाषेत हेच सांगत. त्यांच्या रॅकवर प्रत्येक फळीला टोकाशी चार बोटे जागा मोकळी असते. आम्ही एकदा विचारले तर म्हणाले, ‘बेटा, फळी ठासून भरली की फाइल निघत नाही. ओढली तर फाटते. मग निघाली काय आणि न निघाली काय.’

या सगळ्या उपायांनी आम्ही दिवस मिळवत होतो. पण अर्ज फिरतच होता, आणि एके दिवशी कार्यालयातून एक ओळीचा कागद आला. ‘तीन वर्षांपूर्वीची सर्व चित्रे काढून टाकावीत.’

कागद बेकायदा नव्हता. २००२ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांसाठी जे नियम केले, त्यांत दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्यात असे म्हटले आहे. तीन वर्षे झाली की जबाबदारी संपली, असा अर्थ कार्यालयाने काढला होता. निम्म्याहून जास्त डिस्क त्या एका कागदाने रिकामी झाली असती. आमचे काम दहा मिनिटांचे होते. नवी डिस्क घ्यायचीही गरज उरली नसती, हा त्यामागचा खरा हिशेब.

आम्ही तो कागद घेऊन रेडिऑलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवून घेतले आणि त्याच महिन्यातली एक गोष्ट सांगितली. मागावर काम करणाऱ्या एका माणसाच्या छातीच्या चित्रात डाग दिसला होता. घरचे घाबरले होते. अशा डागासाठी पुढची पायरी म्हणजे सुई घालून तुकडा काढणे, मोठ्या शहरात जाणे, कर्ज काढणे. मॅडमनी नाव घालून शोधले तर सात वर्षांपूर्वीचे चित्र निघाले. डाग तिथेच, तेवढाच, तसाच. जुन्या क्षयाचा व्रण. सात वर्षांत जो वाढला नाही त्याच्यासाठी सुई घालायची नाही. माणूस त्याच दिवशी घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी मागावर उभा राहिला. ‘तुमच्या त्या कागदाप्रमाणे हे चित्र चार वर्षांपूर्वीच गेले असते,’ मॅडम म्हणाल्या.

तिथून आम्ही चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, ‘या फाइली आपल्या नाहीत. लोकांनी ठेवायला दिल्यात. अमानत आहे.’

आपल्या मराठीत बँकेत, शाळेत, भाड्याच्या घरासाठी जी ‘अनामत’ रक्कम ठेवतात, तो शब्द या अमानतचाच आहे. अक्षरे जागा बदलून बसली इतकेच. आमच्या कामातले किती शब्द या वाटेने आले आहेत! दफ्तर, हिशेब, जमाखर्च, रद्दी. आम्ही दिवसभर जिच्या मागे असतो ती ‘जागा’सुद्धा फारसीतून आलेली. अनामत म्हणजे आपल्या कपाटात असलेली पण आपली नसलेली वस्तू. कपाट भरले म्हणून ती विकता येत नाही. सर्व्हर रुग्णालयाच्या मालकीचा आहे, डिस्क मालकीची आहे, पण तिच्यावरच्या छातीचा आणि हाडांचा मालक दुसराच आहे.

कार्यालयाला आम्ही नकार लिहिला नाही. नोकरीत असे नकार लिहून भागत नाही. आम्ही लिहिले की आदेश मिळाला, पाळण्यासाठी खालील माहिती हवी. कोणत्या पेशंटची कोणती चित्रे काढायची त्यांची यादी, त्या यादीवर वैद्यकीय अधीक्षकांची सही, आणि ज्यांचे उपचार चालू आहेत, ज्यांची प्रकरणे कोर्टात आहेत अशांची वेगळी यादी. पुसलेले परत येणार नाही, हेही एका ओळीत लिहिले. यादी आजतागायत आलेली नाही. पुसायचे म्हणणारे पुष्कळ असतात, कोणते पुसायचे ते लिहून खाली सही करणारा सापडत नाही.

दरम्यान आम्ही दुसरा मार्ग धरला. जुनी सीटी स्कॅनची चित्रे कोणताही ठिपका न गमावता आवळून ठेवता येतात. उलगडली की मूळ चित्र जसेच्या तसे निघते. त्यांची जागा निम्म्याच्या आसपास येते. ठिपके गाळून याहून लहान करणाऱ्याही पद्धती आहेत, त्या आम्ही मॅडमच्या सांगण्यावरून वापरल्या नाहीत. ज्या डागासाठी चित्र जपायचे तोच पुसट होणार असेल तर जपून काय उपयोग? रोज रात्री थोडी चित्रे घ्यायची, आवळून लिहायची, उलगडून मूळ चित्राशी ताडायची, जुळले तरच मूळ काढायचे. एकेका रात्री पंधरावीस जीबी हाती लागत. दोनेक महिन्यांत ९०० जीबी मोकळे झाले. आधीचे ८५ दिवस, राखीव जागेचे ३० आणि हे १५०. आठव्या महिन्यात १२ टीबीची डिस्क आली तेव्हा जुन्या डिस्कवर अजून काही आठवड्यांची जागा बाकी होती. एकही चित्र पुसलेले नव्हते.

नव्या डिस्कबरोबर आम्ही एक नियम मंजूर करून घेतला. डिस्क ७० टक्के झाली की खरेदीचा अर्ज आपोआप जायचा आणि त्यावर उरलेल्या दिवसांचा आकडा असायचा. दहा वर्षांपेक्षा जुनी चित्रे दुसऱ्या, संथ डिस्कवर हलवायची, दोन प्रती करायच्या, ताडून पाहायच्या. पुसण्याचा निर्णय डॉक्टरांचा, तोही लेखी. आमच्याकडे फक्त चावी.

नवी डिस्कही भरणार आहे. गेल्या वर्षी नवे सीटी मशीन आले, ते जास्त बारीक चकत्या घेते आणि रोजची भर ६ वरून १४ जीबीवर गेली. कार्यालयातले नवे साहेब परवा खोलीत येऊन गेले. पडद्यावरचा आकडा पाहून म्हणाले, ‘५३ टक्के म्हणजे अर्धी रिकामी आहे की!’ आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि भागाकार करून दाखवला.